शिवणीतली माया

मुलांच्या कपड्यांवर आईवडिलांनी किती खर्च करावा, हा प्रश्न आज बहुतेक घरांत विचारला जातो आणि त्याचे उत्तर रुपयांत द्यावे अशी अपेक्षा असते. या रूपातला हा प्रश्न मराठी समाजात बराच उशिरा आला, असे आम्हांला वाटते. त्याआधी त्याची उत्तरे भाषेत आणि रीतिरिवाजांत मुरलेली होती. त्यामुळे तो वेगळा विचारावा लागत नसे. कपडे ‘वाढत्या अंगाचे’ शिवावेत, या साध्या सांगण्यात एक सबंध अर्थशास्त्र आहे. मूल वाढणार, कापड वाढणार नाही. तेव्हा वाढीची जागा कपड्यातच ठेवून द्यावी. त्या जागेला शिवणकामात ‘माया’ म्हणतात. शिवणीच्या आत दाबलेले जादा कापड म्हणजे माया. पुढल्या वर्षी टीप उसवली की तेवढा कपडा अंगाला मोकळा होतो. ममता, मोह आणि गाठीला बांधलेला पैसा हे तिन्ही अर्थ ज्या शब्दाने वागवले, तोच शब्द शिंप्याने या बोटभर कापडाला द्यावा, हे सूचक म्हणावे लागेल.

प्रस्तुत लेखात मुलांच्या कपड्यांच्या खर्चाचा विचार महाराष्ट्राच्या सुमारे दीडशे वर्षांच्या संदर्भात करावयाचा आहे. काटकसरीचा उपदेश करणे हा आमचा हेतू नाही. काटकसर कोणी, कोणाला आणि कोणत्या अधिकाराने सांगावी, हाच या इतिहासातला खरा वादाचा मुद्दा आहे.

आधी घरातल्या कापडाचे आयुष्य पाहू. नऊवारी लुगडे विरले की त्याचे मऊ भाग तान्ह्या मुलाच्या दुपट्याला जात. दुपटे जीर्ण झाले की ते गोधडीच्या थरांत बसे आणि गोधडीही फाटली की उरलेल्या चिंध्यांचे पोतेरे होई. बारशापर्यंत बाळाला नवे कापड घालू नये, धुऊन मऊ झालेले जुनेच गुंडाळावे, अशी रीत अनेक घरांत होती. नव्या कापडाची खळ आणि खरखर कोवळ्या कातडीला सोसत नाही, हे त्यामागचे व्यावहारिक कारण. दृष्ट लागू नये ही त्यावरची श्रद्धा. बारशाला मात्र झबले, टोपरे आणि खणाची कुंची नवी हवी. संक्रांतीच्या बोरन्हाणाला काळे झबले हवे. मुलगी थोडी मोठी झाली की खणाचे परकर-पोलके. म्हणजे नव्या कपड्याला प्रसंग ठरलेले होते, आणि प्रसंगांच्या मधला सारा काळ जुन्या कापडाचा होता. थोरल्याचा सदरा धाकट्याला उतरे. दिवाळीला एकाच ताग्यातून सगळ्या भावंडांचे कपडे निघत, त्यामुळे घरातली मुले चार दिवस एकाच रंगाची दिसत.

या व्यवस्थेचे गुणगान करणे सोपे आहे आणि आजकाल ते पुष्कळ होते. परंतु त्यात दोन गोष्टी हिशेबाबाहेर राहतात. पहिली म्हणजे बाईचे श्रम. दुपटे, कुंची, गोधडी हे सारे घरातल्या स्त्रीने दिवसभराच्या कामानंतर, बहुधा अपुऱ्या उजेडात, हाताने शिवलेले असे. त्याची किंमत कोणत्याच वहीत मांडली गेली नाही. म्हणून तो खर्च नव्हताच, असे आपण समजतो. दुसरी गोष्ट म्हणजे, ही व्यवस्था चालण्यासाठी घरात विरण्याजोगे लुगडे असावे लागते. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात, फुले दांपत्याच्या शाळेतील विद्यार्थिनी मुक्ता साळवे यांनी मांग-महारांच्या स्त्रियांची बाळंतपणे डोक्यावर छप्पर नसताना, थंडीपावसात कशी होतात, हे लिहिले आहे. जिथे छप्पर नाही तिथे मऊ जुन्या कापडाची घडी कोठून असणार? काटकसर करण्यासाठीही आधी काहीतरी गाठीला असावे लागते.

मुक्ता साळवे यांचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच सुमारास मुंबईत कापडाचे जग बदलू लागले होते. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला त्यांची गिरणी सुरू झाली. पुढे शिवणयंत्रे आली. गिरणीचे कापड आणि यंत्राची शिवण या दोहोंमुळे मापाचा, शिवलेला कपडा हळूहळू साध्या घरांच्या आवाक्यात येऊ लागला. तोपर्यंत गरिबाघरचे मूल पाचसहा वर्षांचे होईतो लंगोटीवर किंवा त्याहीविना वावरे आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे. शाळेने ही समजूत बदलली. शाळेत जायचे तर अंगात सदरा हवा, डोक्याला टोपी हवी, जमल्यास कोट हवा. मुलाचा कपडा आता घराबाहेरच्या माणसांनी पाहायचा कपडा झाला. ऊन-वाऱ्यापासून राखण करणे हे त्याचे पहिले काम. त्याच्या जोडीला आता घराची पत सांगण्याचे कामही त्याच्यावर येऊन पडले.

शिवणयंत्राविषयी एक लहानशी नोंद येथे करावीशी वाटते. यंत्रांना विरोध करणाऱ्या महात्मा गांधींना १९२४ साली एका संवादात विचारले गेले, की तुमचा विरोध सरसकट सगळ्याच यंत्रांना आहे काय. त्यांनी अपवाद म्हणून सिंगरच्या शिवणयंत्राचे नाव घेतले. हाताने शिवण घालून शिणणाऱ्या पत्नीविषयीच्या प्रेमातून ते यंत्र जन्मले, असे त्यांचे म्हणणे होते. यंत्राच्या इतिहासाचे अभ्यासक या कथेला मान डोलावतीलच असे नाही. पण ज्या श्रमांची किंमत आपण वर हिशेबाबाहेर पडलेली पाहिली, ते श्रम गांधींनी मोजले होते, हे महत्त्वाचे आहे.

मराठी वाचकाला मुलाच्या कपड्याचे स्मरण द्यायचे तर ‘श्यामची आई’ (१९३५) टाळता येत नाही. दापोलीला शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवतो, त्यांतून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि गणेशचतुर्थीला घरी नेतो. या प्रकरणावर पिढ्यान्‌पिढ्या डोळे ओलावले आहेत. आम्हांला मात्र त्यातील आईची पहिली प्रतिक्रिया अधिक लक्षणीय वाटते. कोट पाहताच तिच्या मनात शंका येते: हे पैसे आले कोठून? कर्ज काढले की कोणाचे उचलले? कोट किती रुपयांचा, हा तिचा प्रश्न नाही. कर्जात बुडालेल्या घराला मुलाच्या अंगावरचा नवा कोट शोभतो की नाही, हेही ती विचारत नाही. पैशाच्या वाटेची खात्री पटल्यावर तिचा आनंद निर्मळ होतो. साने गुरुजींनी नकळत येथे एक कसोटी दिली आहे. खर्चाचा आकडा पाहण्याआधी त्याचा उगम पाहावा, ही ती कसोटी.

ही कसोटी आपण कापडालाच लावली, तर जुन्या कपड्याचा दुसरा इतिहास समोर येतो. घरातल्या घरात थोरल्याचे कपडे धाकट्याला येतात, तेव्हा ती माया असते. तेच कापड एका घरातून दुसऱ्या घरात, एका जातीकडून दुसऱ्या जातीकडे उतरते, तेव्हा त्याचा अर्थ पालटतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत असे सांगितले आहे, आणि चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे वापरावीत, असाही त्यात दंडक आहे. गावगाड्यात महारांच्या वाट्याला मढ्यावरचे कापड येई, तो त्यांचा ‘हक्क’ समजला जाई. ज्या मुलाला जन्मापासून दुसऱ्याने टाकलेलेच अंगाला लावायचे असते, त्याला जुन्याचा मऊपणा कोणी समजावून सांगावा?

या संदर्भात एका बापाने मुलांच्या कपड्यांवर केलेला खर्च मुळातून पाहण्यासारखा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या छोट्या आत्मपर लेखनात १९०१ सालची हकीकत दिली आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी तेव्हा सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातील दुष्काळी कामावर कॅशियर होते; मुले साताऱ्याला होती. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना त्यांनी आपल्याकडे बोलावले. प्रवासासाठी मोठी तयारी झाली. विलायती पद्धतीचे नवे सदरे, झगमगत्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. मुले मसूर स्थानकावर उतरली. निरोपाचे पत्र वडिलांपर्यंत पोचले नसल्याने घ्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागला, कारण कपड्यांवरून आणि बोलण्यावरून ही ब्राह्मणांची मुले असावीत असा त्याचा समज झाला होता. मुलाने खरे सांगितले. मास्तरचा चेहरा पालटला. पुढे गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे देऊन, मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, अशा अटीवर गाडी ठरली. जकातनाक्यावर मुलाने उर्दूत बोलून आपण मुसलमान असल्याचे सांगून पाहिले, तरी पाणी मिळाले नाही. जवळ अन्न असूनही रात्र तहानेत काढावी लागली.

घरगुती काटकसरीच्या मापाने पाहिले तर सुभेदार रामजींचा हा खर्च उधळपट्टी ठरेल. भर वाढीच्या वयातली मुले, चार महिन्यांत धोतर आखूड व्हायचे, आणि त्यावर रेशमी काठ! पण त्या काठाचा अर्थ समजायचा तर ‘जातिनिर्मूलना’च्या १९३६ च्या त्या प्रसिद्ध भाषणाकडे जावे लागते. त्यात आंबेडकरांनी इंदूर भागातील बलाई समाजावर १९२८ च्या सुमारास सवर्णांनी लादलेल्या अटी उद्धृत केल्या आहेत. त्या अटींत जरीकाठी पागोटे बांधू नये आणि रंगीत किंवा नक्षीदार काठाचे धोतर नेसू नये, या दोन अटी अगदी आरंभी येतात. कपड्याचा काठ हा गावाच्या दृष्टीने दंडनीय विषय होता. अशा जगात एका सेवानिवृत्त सुभेदाराने मुलांना रेशीमकाठी धोतरे नेसवून आगगाडीत बसवले. त्या कपड्यांनी काय साधले? स्टेशनमास्तरच्या तोंडून काही मिनिटे आपुलकीचे शब्द निघाले, इतकेच. पाणी मिळाले नाही. जात सांगितली जाईपर्यंतच कपड्याची सत्ता चालली. तरीही तो खर्च वाया गेला असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही. कारण या मुलांनी टाकाऊच ल्यावे हा गावाचा हुकूम त्या बापाने आपल्यापुरता तरी मोडला होता.

टाकाऊ कपड्यांचा प्रश्न १९२१ सालीही वेगळ्या वाटेने पुढे आला होता. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळला विदेशी कापडाची मोठी होळी झाली. ज्या देशात माणसे उघडी आहेत तिथे कापड जाळणे रवींद्रनाथ ठाकूर यांना पटले नाही. गांधींनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिलेल्या उत्तराचा गाभा असा होता, की उघड्यांना कामाची गरज असताना त्यांच्यापुढे कपडे टाकणे हा त्यांचा अपमान आहे. त्यांना उष्टे आणि उतरलेले देणार नाही, द्यायचे तर आपल्या अन्नवस्त्रातले उत्तम देईन. खादी महाग पडते, गरिबाला परवडत नाही, ही तक्रार तेव्हाही होती. त्यावर्षी सप्टेंबरात मदुरेला त्यांनी स्वतः पंचा स्वीकारला, त्यामागे या तक्रारीचाही भाग होता. कापड कमी वापरा, पण ते आपल्या माणसांनी कातले-विणलेले असू द्या, असा त्याचा आशय.

आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांपुढे जे भाषण केले, त्याचा सूर याहून निराळा आहे. जात ओळखू येईल अशा पद्धतीने लुगडे नेसू नका, अंगावरचे ते जड दागिने टाका, स्वच्छ राहा, मुलांना आणि मुलींनाही शाळेत घाला, असे त्यांनी सांगितले. याच महाडला मनुस्मृतीचे दहन झाले होते, ही गोष्ट या उपदेशाशी जोडून वाचली पाहिजे. जीर्ण वस्त्रे देण्याची आज्ञा ज्या ग्रंथात आहे, तो जाळून झाल्यावर वस्त्रांविषयी बोलणे क्रमप्राप्तच होते. गांधी आणि आंबेडकर यांच्या पोशाखांतील विरोध सर्वांना ठाऊक आहे. उतरलेल्या कपड्याविषयी मात्र दोघांचा निर्णय एक होता, हे फारसे सांगितले जात नाही. ज्याच्याजवळ पुष्कळ होते त्याने स्वखुशीने कमी करणे आणि ज्याला कधी मिळू दिले नाही त्याने पुरेसे मागणे, या दोन्ही कृती एकाच न्यायातून निघू शकतात.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर या प्रश्नात शासन शिरले. युद्धकाळातील टंचाईमुळे १९४३ साली कापडावर नियंत्रण आले. कमाल भाव सरकारने ठरवले आणि ते कापडावर छापले जाऊ लागले. किंमत आता कापडाच्या अंगावरच दिसू लागली. १९६४ पासून गिरण्यांना ठरावीक प्रमाणात नियंत्रित दराचे कापड काढणे भाग पडले. धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग आणि ड्रिल हे त्याचे प्रकार. यांपैकी शर्टिंग आणि ड्रिल म्हणजे पांढरा सदरा आणि खाकी चड्डी, हे त्या काळच्या शाळकरी मुलाला वेगळे सांगायला नको. ते कापड ज्यांच्या मागांवर निघे, त्या गिरणी कामगारांच्या घरी मुलांचे नवे कपडे दिवाळीच्या बोनसवर अवलंबून असत. १९८१ सालच्या दिवाळीत बोनसवरूनच असंतोष पेटला आणि १८ जानेवारी १९८२ रोजी तो मोठा संप सुरू झाला, ज्यातून गिरणगाव पुन्हा उभे राहिले नाही.

गणवेशाची कल्पना मुळात समतेची. वर्गात कोणाच्या बापाची ऐपत कोणाला दिसू नये, हा तिचा हेतू. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला. केंद्राच्या योजनेत गणवेशाच्या दोन जोड्यांसाठी मुलामागे वर्षाला आधी ४०० आणि २०१८ पासून ६०० रुपयांपर्यंत तरतूद झाली. पण ती सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातींचे मुलगे आणि दारिद्र्यरेषेखालील मुलगे यांच्यापुरती. एकाच बाकावरच्या दोन मुलांपैकी एकाचा गणवेश सरकारचा आणि दुसऱ्याचा घरचा, अशी फाळणी समतेच्या वस्त्रातच पडली. महाराष्ट्राने २०२३ साली शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या उरलेल्या मुलांनाही योजनेत घेतले. त्यापुढच्या वर्षी राज्यभर एकच गणवेश करण्याचा प्रयोग झाला. कापड एका ठिकाणी घ्यायचे आणि बचत गटांच्या स्त्रियांनी ते शिवायचे, अशी ती योजना होती. कपडे वेळेवर पोचेनात, मापे जमेनात. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये हा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आला. लाखो मुलांचे माप मंत्रालयातून घेता येत नाही, एवढे तरी यातून शिकायला हरकत नसावी. शिंपी मुलाला समोर उभे करून माप घेतो आणि मग त्यात थोडे वाढवतो. या वाढवण्याला कोणत्याही निविदेत रकाना नसतो.

आज तयार कपड्यांचे राज्य आहे. शिवणीच्या आत कापड जेमतेम उरते, यंत्राची टीप कडेवरूनच जाते. कपडा उसवून मोठा करण्याची सोयच नाही. एका वर्षात तो आखूड होतो आणि नवा घ्यावा लागतो. किमतीची चिठ्ठी स्वस्त दिसते, पण वर्षांची बेरीज कोणी करत नाही. तो कपडा कोणी, कोणत्या मजुरीवर शिवला, हे त्या चिठ्ठीवर नसते. श्यामच्या आईचा प्रश्न आपण विचारायचा सोडला आहे. दुसऱ्या टोकाला, वाढदिवसाच्या चार तासांसाठी घेतलेला भरजरी पोशाख असतो. मूल त्यात धड बसू शकत नाही आणि धड खेळू शकत नाही.

मग किती खर्च करावा? इतिहास आकडा देत नाही, पण माप देतो. मुलाला आपल्या कपड्याबद्दल चारचौघांत उत्तर द्यावे लागू नये, इतका खर्च अवश्य करावा. त्यासाठी घर अपुरे पडत असेल तर समाजाने आणि शासनाने तो करावा, आणि उपकार म्हणून करू नये. कपडा मळला, फाटला तरी मुलाला ओरडावेसे वाटू नये, याच्यापलीकडे मात्र खर्च जाऊ नये. कारण त्यापुढचा खर्च मुलासाठी नसून पाहणाऱ्यांसाठी असतो. ज्याच्या घरी पुष्कळ आहे त्याने थोरल्याचा सदरा धाकट्याला खुशाल घालावा. ज्याच्या पिढ्या दुसऱ्याच्या उतरलेल्यावर गेल्या, त्याने आपल्या मुलासाठी रेशीमकाठी धोतर घेतले तर त्याला काटकसर शिकवायला कोणी जाऊ नये. १९०१ साली मसूरच्या फलाटावर मुलांच्या अंगावरच्या कपड्यांत काही कमी नव्हते. जे कमी पडले ते समोर उभ्या असलेल्या माणसांत होते.